केशरोपणानंतर २६व्या दिवशी केस गळायला लागले. हे कुठवर चालतं?

घाटवाट | १० फेब्रुवारी, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसतं वाचत होतो, लिहितोय पहिल्यांदाच.

वय ३४. पिंपरीत राहतो, चाकणला नोकरी. वडिलांना आणि दोन्ही काकांना टक्कल, त्यामुळे माझेही केस पंचविशीतच मागे सरकायला लागले. शेवटी दोन वर्षं भरलेली आरडी मोडली आणि १५ जानेवारीला पुण्यात केशरोपण करून घेतलं. एफयूई पद्धतीने (मागचे केस मुळासकट एकेक करून काढून पुढे लावतात) २६०० ग्राफ्ट. बहुतेक कपाळाच्या बाजूला, थोडे मध्यावर. मागचा आणि पुढचा भाग बारीक कापला होता, मधले माझे जुने केस तसेच ठेवले होते.

पहिले दहा दिवस सांगितलं ते सगळं पाळलं. सलाईनचा फवारा, दोन उशा घेऊन उताणं झोपणं, हेल्मेट नाही, ऊन नाही. तिसऱ्या दिवशी कपाळावरची सूज डोळ्यांवर उतरली, तीही दोन-तीन दिवसांत ओसरली. बाराव्या दिवसापर्यंत खपल्या गेल्या आणि आरशात केसांची चक्क रेघ दिसायला लागली. आईने बघितलं आणि म्हणाली, कॉलेजात होतास तसा दिसतोस. त्या दिवशी खूप बरं वाटलं होतं.

तीन आठवडे झाले आणि गळायला सुरुवात झाली. आधी उशीवर चार-दोन दिसायचे. आता रोज. आज अंघोळीला फेस लावून अलगद हात फिरवला तर तळहातभर बारीक केस, तीन-चार मिलिमीटरचे, दाढी केल्यावर बेसिनला चिकटून राहतात तसे. ते सगळे पांढऱ्या कागदावर उतरवून घेतले आणि मोबाईलच्या उजेडात मोजले. ६३. काहींच्या टोकाला पांढरा ठिपका आहे. ते मूळच असणार ना? म्हणजे मुळासकट चाललेत का?

क्लिनिकला फोन केला. फोनवरच्या बाईंनी "नॉर्मल आहे सर" म्हटलं आणि लगेच सहा वेळच्या पीआरपीचं (आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्सची डोक्यात इंजेक्शनं) पॅकेज सांगितलं, या आठवड्यात भरले तर सूट. ऑपरेशनच्या आधी तासभर बोलणं झालं होतं. त्यात कपाळाची रेघ कुठे घ्यायची यावर अर्धा तास गेला, पण हे केस गळणार आहेत असं एका शब्दाने कुणी सांगितलं नाही. बायकोला वाटतंय सगळं ठीक चाललंय. मी टोपी घालून झोपतोय.

ज्यांनी हे भोगलंय त्यांनी कृपया सांगा.

निळीशाई | १० फेब्रुवारी, रात्री ११:५८

माझेही गेले होते. विसाव्या दिवशी सुरू झालं, दीड महिन्यात जवळजवळ सगळे साफ. पाचव्या महिन्यापासून यायला लागले. आता तीन वर्षं झाली, आहेत सगळे. आजची रात्र झोपा, पॅकेजचे पैसे भरू नका.

हिरडा | ११ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, नाशिकला प्रॅक्टिस करते. डोकं बघितल्याशिवाय निदान देणार नाही. पण तुम्ही जे वर्णन केलंय ते इतकं नेहमीचं आहे की थोडं समजावून सांगितलं तर तुमचा जीव खाली पडेल.

आधी एकच विचारते: केस निघताना रक्त आलं का? ग्राफ्ट म्हणजे केस, त्याचं मूळ आणि भोवतीचं मांस असा इवलासा तुकडा असतो. तो निघाला तर खालची जखम उघडी पडते आणि रक्त येतंच. ही भीती पहिल्या आठवड्यात खरी असते. बर्नस्टीन आणि रासमन या दोन अमेरिकन सर्जनांनी २००६ मध्ये हे तपासून प्रसिद्ध केलं. पहिले दोन दिवस नुसता केस ओढला तरी ग्राफ्ट हातात येतो. सहाव्या दिवसापासून केस ओढून तो निघत नाही, आणि नवव्या दिवशी घट्ट बसलेली खपली ओढली तरी निघत नाही. तुमचा सव्विसावा दिवस आहे. शॅम्पूच्या फेसात हात फिरवून ग्राफ्ट निघणं आता शक्य नाही.

मग तो पांढरा ठिपका कसला? झडणाऱ्या प्रत्येक केसाच्या टोकाला तो असतो. उद्या तुमच्या पत्नीच्या कंगव्यातला केस घेऊन बघा, तसाच दिसेल. तो केसाचाच वाळलेला, गोळा झालेला शेवट आहे. नवा केस जिथून तयार होतो ती पेशींची जागा त्वचेत खोल असते, ती तिथेच राहते.

आता हे का होतं, ते सांगते. प्रत्येक केस आपापलं चक्र जगतो. दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ आटोपते, मग साधारण तीन महिने मूळ विश्रांती घेतं आणि जुना केस टाकून देतं. म्हणूनच धडधाकट माणसाचेही दिवसाला पन्नास ते शंभर केस जातात. तुमच्या मागच्या भागातून मूळ उचललं तेव्हा त्याचा रक्तपुरवठा तुटला. पुढे लावल्यावर पहिले काही दिवस ते आजूबाजूला झिरपणाऱ्या द्रवावर जगतं, मग हळूहळू नव्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात. एवढा धक्का बसल्यावर मूळ स्वतःला वाचवतं आणि वरचा केस सोडून देतं. सोडलेला केस लगेच पडत नाही, दोन-तीन आठवडे नुसता भोकात उभा असतो. तुमच्या आईंनी बघितलेली रेघ बऱ्याच अंशी अशा सुटलेल्या केसांची होती.

म्हणून बहुतेकांचं गळणं दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात होतं. काहींचे सगळे जातात, काहींचे थोडे टिकतात, आणि किती टिकले यावरून शेवटी किती उगवतील हे ठरत नाही. विश्रांतीचे तीन महिने ऑपरेशनपासून धरा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पहिले केस त्वचेबाहेर येतात. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो, त्यामुळे सहाव्या महिन्याआधी आरशात फरक जाणवत नाही. पुढचा भाग वर्षभरात भरतो, भोवऱ्याला दीड वर्षही लागतं.

पीआरपीबद्दल: काही रुग्णांना उपयोग होतो, मीही देते. पण चौथ्या आठवड्यातली ही गळती थांबवायला म्हणून ती घेण्यात अर्थ नाही. जे केस सुटलेत ते सुटलेत. घाबरलेल्या माणसाला फोनवर विकायची ती गोष्ट नाही.

घाटवाट | ११ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

डॉक्टर, मनापासून आभार. रक्त अजिबात नाही, दुखतही नाही, थोडी खाज आणि वर बधिरपणा आहे. बायकोच्या कंगव्यातला केस बघितला. तसाच ठिपका आहे. बसमध्ये बसून लिहितोय, आज पहिल्यांदा डोक्यावरची टोपी काढलीय.

एक मात्र राहिलं. मोजलेल्या ६३ मध्ये सगळे बारीक नव्हते. आठ-दहा लांब होते, बोटभर. म्हणजे ते लावलेले नव्हेत, माझे मूळचे. मध्यावरचे. ते का जावेत?

हिरडा | ११ फेब्रुवारी, दुपारी २:३०

हे नीट बघितलंत, आणि माझ्या मते तुमच्या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

नव्या ग्राफ्टसाठी शेकडो बारीक छेद घेतले जातात. भूल देताना त्वचेत द्रव भरला जातो, नंतर सूज येते. याचा धक्का शेजारच्या जुन्या केसांनाही बसतो. त्याला शॉक लॉस म्हणतात. मागच्या, जिथून केस काढले त्या भागातही तो होतो, कधी तिथे ठिगळासारखी विरळ जागा दिसते. जे केस निरोगी आहेत ते तीन ते सहा महिन्यांत परत येतात.

पण मध्यावरचे तुमचे केस निरोगी होते का? आनुवंशिक टकलात केस एका दिवसात जात नाही. डीएचटी या संप्रेरकामुळे दर चक्रात तो बारीक आणि आखूड होत जातो. जो केस शेवटच्या एक-दोन चक्रांवर आला होता तो या धक्क्याने गेला तर परत येण्याची खात्री देता येत नाही. तो वर्षा-दोन वर्षांत गेलाच असता, आज गेला. हे ऑपरेशनच्या आधी रुग्णाला सांगायलाच हवं, कारण मग रुग्ण ठरवू शकतो की मध्ये आत्ता हात लावायचा की नाही.

लावलेला केस टिकतो कारण मागच्या केसांची डीएचटीला दाद न देण्याची खुबी त्यांच्याबरोबरच जाते. न्यूयॉर्कच्या ऑरेंट्रायख यांनी हे १९५९ मध्ये मांडलं, आजही सगळं केशरोपण त्याच पायावर उभं आहे. तुमच्या जुन्या केसांपाशी ती खुबी नाही. त्यांना राखायचं तर औषधच: फिनास्टेराइड १ मिलिग्रॅम, मिनॉक्सिडिल, किंवा दोन्ही. हे स्वतःच्या मनाने सुरू करू नका. फिनास्टेराइडने थोड्या पुरुषांत कामेच्छा कमी होणं, लैंगिक तक्रारी, कधी उदास वाटणं असे परिणाम दिसतात, ते डॉक्टरांशी मोकळेपणी बोलून घ्या. गोळी चालू असताना रक्तदान नाही, बंद केल्यावरही किमान महिनाभर थांबावं लागतं, कारण ते रक्त गरोदर बाईला दिलं गेलं तर पोटातल्या मुलग्याला अपाय होऊ शकतो. घरात कुणी गरोदर असेल तर फुटलेल्या गोळीला तिने हात लावू नये.

आणि मिनॉक्सिडिल सुरू केल्यावरही पहिले काही आठवडे केस गळतात. ते औषध विश्रांतीतल्या मुळांना लवकर जागं करतं, मग जुने केस ढकलले जातात. दोन गळत्या एकमेकींवर आल्या की माणूस हबकतो. म्हणून ते कधी सुरू करायचं हे सर्जनला विचारा.

कातळवाट | ११ फेब्रुवारी, रात्री ९:२०

मी राजापूरचा. माझं काही ऑपरेशन झालेलं नाही, धाकट्या भावाचं झालंय. त्याला दुसऱ्या महिन्यात असाच धीर सुटला होता. आमच्या बाबांनी त्याला जे सांगितलं ते लिहितो, कारण त्याला नेमकं तेच पटलं.

आवणातली भाताची रोपं उपटून जुडी बांधतो आणि चिखलात लावतो. पहिले आठ-दहा दिवस शेताकडे बघवत नाही. पात पिवळी पडते, टोकं वाळतात, कधी वाटतं सगळी लावणी फुकट गेली. नवखा माणूस अशा वेळी खत मारायला धावतो. बाबा म्हणाले, पात बघू नको, मूळ धरलंय का ते बघ. रोप हलकेच ओढून बघायचं, आलं नाही तर ते जगलं. पुढची पात ते नवीन काढतं, जुनी पिवळी परत हिरवी होत नाही.

डॉक्टरांनी सांगितलेलं वाचलं आणि तेच आठवलं. तुमचं मूळ धरलंय. भावाचे केस आठव्या महिन्यात बरे दिसायला लागले.

अबोली७७ | १२ फेब्रुवारी, सकाळी १०:१०

बाकी वैद्यकीय लोकांनी सांगितलंच आहे, मी एका केशरोपण झालेल्या माणसाची बायको म्हणून लिहिते. घाटवाट, घरात सांगा. माझ्या नवऱ्याने दोन महिने लपवलं. मला वाटत होतं नोकरीत काहीतरी झालंय, रात्री उठून बाथरूममध्ये वीस वीस मिनिटं काय करतो, विचारलं तर चिडायचा. एका रात्री दार उघडं राहिलं आणि बघितलं तर आरशासमोर मोबाईल धरून डोक्याचे फोटो काढत उभा. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी फोटो मी काढायचे. एकच खिडकी, एकच वेळ, एकच अंतर. रोज आरशात बघण्यापेक्षा ते कितीतरी बरं, कारण रोज बघितलं की काहीच कळत नाही.

अजून एक, कुणी सांगत नाही म्हणून. घरात मांजर असेल तर मिनॉक्सिडिल फार जपून वापरा. उशीला लागलेलं, हाताला राहिलेलं मांजरीने चाटलं तरी तिच्या जिवावर बेततं. आम्ही उशीचा अभ्रा रोज बदलायचो आणि मनीला त्या खोलीत बंदी होती.

तिन्हीसांज | १२ फेब्रुवारी, रात्री १०:४५

हा धागा उद्या शंभर लोक वाचतील, म्हणून दुसरी बाजू लिहिणं मला गरजेचं वाटतं. माझे आले नाहीत.

२०२१. एका दिवसात ४५०० ग्राफ्ट. डॉक्टर सकाळी येऊन कपाळावर रेघ मारून गेले, ते संध्याकाळी निरोप द्यायला आले. मधले अकरा तास दोन मुलं काम करत होती. ती डॉक्टर नव्हती हे मला नंतर कळलं. महिनाभराने गळती सुरू झाली तेव्हा मीही इथेच विचारलं होतं आणि मलाही सगळ्यांनी सांगितलं, थांबा, येतील. मी थांबलो. सहा महिने, नऊ महिने, वर्ष, दीड वर्ष. पुढे तुरळक आले. मागची बाजू इतकी खरवडली गेली की बारीक कापलं की पांढरे ठिपके दिसतात, आणि आता तिथे काढायला फारसं शिल्लक नाही.

म्हणून माझं सांगणं आहे की गळतीने घाबरू नका, पण "थांबा" या शब्दाच्या आड कुणाला लपू देऊ नका. ऑपरेशनचे कागद मागून घ्या: किती ग्राफ्ट काढले, किती लावले, छेद कुणी घेतले. माझ्याकडे एका पावतीशिवाय काही नाही, त्यामुळे कुठे दादही मागता आली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने केशरोपणासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात स्पष्ट म्हटलंय की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून हे शिकता येत नाही, त्यासाठी त्या विषयाचं रीतसर प्रशिक्षण हवं. माझ्या वेळी हे वाचायला मिळालं असतं तर मी दारातच विचारलं असतं की भूल कोण देणार आणि हात कुणाचा चालणार.

घाटवाट, तुमचं चांगलं होवो. तारखेसह फोटो ठेवा.

हिरडा | १२ फेब्रुवारी, रात्री ११:३०

तिन्हीसांज, लिहिलंत हे फार मोलाचं आहे. एक भर घालते, थांबायचं नाही ते कधी. दुखणं कमी होण्याऐवजी वाढत असेल, पू येत असेल, ताप असेल, किंवा लावलेल्या भागात एखादी जागा काळी पडून कडक झाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. रक्तपुरवठा न मिळाल्याने त्वचा मरते तेव्हा असं दिसतं. ते गळतीसारखं आपोआप बरं होत नाही.

मुक्कामपोस्ट_फ्रांकफुर्ट | १३ फेब्रुवारी, पहाटे २:५०

मी इथून इस्तंबूलला जाऊन करून आलो. विमान, हॉटेल, ऑपरेशन सगळं तीन दिवसांत. काम चांगलं झालं, तक्रार नाही. पण पाचव्या आठवड्यात केस गळायला लागले तेव्हा बोलायला माणूस नव्हता. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचा, दुभाष्या तुर्कीत विचारणार, दोन दिवसांनी उत्तर, "ऑल गुड". इथल्या डॉक्टरांना दुसऱ्याचं काम बघायची फारशी इच्छा नव्हती. सांगलीला आईला व्हिडिओ कॉल करणं मी तीन महिने टाळलं आणि ती समजली की मी आजारी आहे. कुणी परदेशात करायचा विचार करत असेल तर पुढचं वर्षभर आपल्या गावात कोण बघणार, ते आधी ठरवा. मला हा धागा तेव्हा हवा होता.

घाटवाट | ३ मार्च, रात्री १०:२०

४७वा दिवस. लावलेल्यातले फार थोडे उरलेत. पुढची रेघ गेली. खरं सांगायचं तर ऑपरेशनच्या आधी होतो त्यापेक्षा वाईट दिसतोय, कारण मध्यावरही विरळ झालंय.

त्या आठवड्यात बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तू टोपी घालून झोपतोस तेव्हाच कळलं होतं, सांगशील म्हणून वाट बघत होते. आता फोटो ती काढते, दर महिन्याच्या १० तारखेला, गॅलरीच्या दाराशी सकाळी आठ वाजता.

क्लिनिक सोडून दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी डर्मोस्कोप (त्वचा बघायचं भिंग) लावून दहा मिनिटं शांतपणे बघितलं. संसर्ग नाही, कुठे काळं नाही, त्वचा छान भरलीय म्हणाले. रक्त तपासून फिनास्टेराइड सुरू केलंय. पीआरपीचे पैसे भरले नाहीत. क्लिनिकमधून किती ग्राफ्ट काढले-लावले त्याची नोंद मागून घेतली. दोन हेलपाटे पडले, पण मिळाली. तिन्हीसांज, हे तुमच्यामुळे.

कंपनीत एकाने विचारलं, केस का कापलेस रे इतके. मी सांगून टाकलं. त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत दोघं बाजूला घेऊन पत्ता विचारून गेले. दोघांनाही आधी हा धागा वाचायला सांगितलाय.

कुंपणापलीकडे | ४ मार्च, सकाळी ९:००

वय ५२, मीही विचार करतोय. या वयात फिनास्टेराइड चालतं का?

हिरडा | ४ मार्च, दुपारी १:४०

चालू शकतं, तपासूनच. तुमच्यासाठी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. या गोळीने पीएसए या प्रोस्टेटच्या चाचणीचा आकडा साधारण निम्म्यावर येतो. पुढे कधी ती चाचणी केलीत तर गोळी चालू आहे हे डॉक्टरांना न विसरता सांगा, नाहीतर वाढलेला आकडाही ठीक वाटेल.

घाटवाट | ४ मे, रात्री ९:३०

साडेतीन महिने झाले. इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. मार्च आणि एप्रिल डोकं तसंच गुळगुळीत, वर पुण्याचा उन्हाळा. बाहेर पडताना सुती टोपी घालायचो.

गेल्या आठवड्यात पुढच्या बाजूला पुटकुळ्या आल्या, सात-आठ, बारीक, दुखणाऱ्या. मी धास्तावलो. डॉक्टरांकडे गेलो तर ते खुश. एक पुटकुळी त्यांनी भिंगातून दाखवली. आत काळा केस वेटोळं घालून बसला होता, बाहेर पडायला वाट शोधत. कोमट पाण्याचा फडका ठेवा, फोडू नका, लाल होऊन पसरली तर या, एवढंच सांगितलं. आज त्यातल्या एकीतून केस बाहेर आलाय. इतका बारीक की बोटाला लागत नाही, उजेडात तिरपं बघितलं तरच दिसतो. बायकोने मुलीलाही बोलावून दाखवला.

निळीशाई | ४ मे, रात्री ९:४५

सुरू झालं! आता पुढचे दोन महिने ते वेडेवाकडे येतील, काही कुरळे, काही तारेसारखे राठ. मला वाटलं होतं दुसऱ्याच कुणाचे केस आलेत. हळूहळू मऊ होतात.

घाटवाट | १० सप्टेंबर, रात्री ११:१५

आठ महिने होत आले. निळीशाई म्हणाले तस्सेच आले, कानामागच्या केसांसारखे राठ आणि वळणदार. जुलैपर्यंत तेल लावूनही उभेच राहायचे. आता बसायला लागलेत. यंदा गणपतीच्या आरतीला घरच्या सगळ्यांचा फोटो काढला त्यात मी मागे जाऊन उभा राहिलो नाही. गेली सहा-सात वर्षं मी प्रत्येक फोटोत मागे असायचो, कुणाच्या तरी खांद्याआड, आणि हे घरात कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं असं मला वाटायचं. आईच्या आलं होतं.

सोसायटीत रक्तदान शिबिर होतं. दरवर्षी देतो. यावेळी नोंदणीच्या टेबलावरच गोळीबद्दल सांगितलं, त्यांनी नाही म्हटलं. वाईट वाटलं, पण डॉक्टर, तुम्ही लिहिलं नसतंत तर मी नेहमीसारखा जाऊन देऊन आलो असतो.

घाटवाट | १८ जानेवारी, रात्री १०:००

परवा वर्ष झालं. ज्यांनी फेब्रुवारीत माझ्यासाठी वेळ काढला त्यांना हिशोब देतो.

पुढचा भाग चांगला भरलाय. हेल्मेट काढलं की केस कपाळावर येतात, ते हाताने मागे सारावे लागतात. ही सवय मला दहा वर्षांपूर्वी होती. मागची बाजू आमच्या न्हाव्याला दाखवली, दोन नंबरच्या मशीनने कापूनही खुणा फारशा दिसत नाहीत.

मध्यावरचे मात्र सगळे परतले नाहीत. जे लांब केस मी तेव्हा कागदावर वेगळे काढले होते, त्यांच्या जागी अजून विरळ आहे. गोळीमुळे उरलेले टिकलेत आणि थोडे जाडही झालेत, हे १० तारखेच्या अकरा फोटोंत ओळीने दिसतं. क्लिनिकमधून पुन्हा फोन आला, मध्यावर दुसरी बैठक करून घ्या म्हणून. मी जुलैपर्यंत थांबणार आहे, दीड वर्ष पुरं होऊ दे. मागे किती शिल्लक आहे ते माझे डॉक्टर मोजून सांगतील, मग बघू.

कंपनीतल्या त्या दोघांपैकी एकाने डिसेंबरमध्ये करून घेतलं. परवा सकाळी बसमध्ये शेजारी येऊन बसला, खिशातून घडी घातलेला पांढरा कागद काढला आणि म्हणाला, आज ४१.